उजवी बाजू जुळत नाही

एका सिलिंडरची मोटरसायकल बिघडली की सरळ बंद पडते. माणूस तिला दोन शिव्या देतो, चार किका मारतो आणि ढकलत मिस्त्रीकडे नेतो. प्रकरण मिटलं. दोन सिलिंडरची मोटरसायकल बिघडते तेव्हा ती चालूच राहते. म्हणजे एक बाजू काम करते आणि दुसरी बाजू तिच्याबरोबर नुसती फिरत राहते. ज्यांनी कुठल्याही कचेरीत दहा वर्षं काढली आहेत त्यांना हा प्रकार अधिक फोड करून सांगायला नको. मी तर बँकेत वीस वर्षं काढली आहेत.

आमच्या घरची मोटरसायकल म्हणजे राजदूत ३५०. राजदूत म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर दूधवाल्याची, दोन्ही बाजूंना किटल्या लटकावलेली एकशेपंचाहत्तर येते, त्यांनी ती कृपया डोळ्यांसमोरून काढावी. ही वेगळी. यामाहा कंपनीनं जपानात १९७३ साली काढलेली आरडी ३५० ही गाडी एस्कॉर्ट्‌सनं आपल्याकडे १९८३ साली राजदूतच्या नावानं आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर, सहा गिअर. ताकद आधी साडेतीस हॉर्सपॉवर होती. मग पेट्रोलच्या खर्चानं लोकांच्या तोंडाला फेस आला म्हणून ती सत्तावीसवर उतरवली. तरीही लोक पेट्रोलच्या टाकीत डोकावूनच सुस्कारे टाकत राहिले, आणि १९९० च्या आसपास गाडी बाजारातून गेली. आज तिच्यावर जीव टाकणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म गाडी बंद झाल्यानंतरचा आहे. प्रेम आंधळं असतं म्हणतात. ॲव्हरेजच्या बाबतीत ते निरक्षरही असतं.

आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ही गाडी १९८६ साली घेतली. त्या वर्षी द्राक्षाला भाव बरा मिळाला होता. शहाण्या माणसानं त्या पैशात बागेला तारा घेतल्या असत्या किंवा घरावर स्लॅब टाकला असता. आण्णांनी मोटरसायकल घेतली. घरावर पत्रे होते ते तसेच राहिले आणि आजही आहेत. 'हीरो' सिनेमा १९८३ साली येऊन गेला होता आणि त्यात जॅकी श्रॉफ राजदूत ३५० वर बसला होता. आण्णा म्हणतात, सिनेमाचा यात काही संबंध नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, की तो सिनेमा बघायला सोलापूरला नेलं नसतं तर डोक्यावर स्लॅब असता.

आता नळदुर्गच्या माणसाला जोडीचं मुळातच अप्रूप नाही. आमच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरण घातलं आणि धरणाच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नदी भरली की त्या धरणावरून दोन धारा पडतात. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. दोन्ही जोरात असल्या की सोलापूरपासून माणसं बघायला येतात. आमचा खंडोबा घ्या. मूर्ती एक आणि देवळं दोन. एक अणदूरला, एक नळदुर्गला. देव काही काळ तिकडे राहतो, काही काळ इकडे, आणि मुक्काम हलवताना दोन्हीकडची मंडळी रीतसर करार करतात. करार करून जागा बदलणारा देव आम्हा बँकवाल्यांना फार जवळचा वाटतो. आणि गावाचं नावच ज्या नळराजावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात, त्याची गोष्टही दोन विद्यांची आहे. नळाला घोडे हाकण्याची विद्या येत होती. ऋतुपर्ण राजाला मोजण्याची विद्या येत होती, झाडाकडे बघून पानं किती नि फळं किती ते तो सांगायचा. दोघांनी विद्यांची अदलाबदल केली. मी बी.कॉम. असल्यामुळे मोजण्याची विद्या माझ्याकडे थोडीफार आहे. घोड्यांची नाही, आणि अंगणात तर जवळजवळ तीस घोडे एका पोत्याखाली झाकून ठेवलेले.

आण्णांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे २०११ पासून, गाडी पोत्याखालीच होती. गुडघ्यांच्या मागोमाग कान गेले. कानाचं यंत्र आणलं आहे, ते देवघरात नीट ठेवलेलं असतं. "त्यात नुसता वारा वाजतो," असं आण्णांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरी सध्या बोलणं म्हणजे एकजण ओरडणार आणि दुसरा "हां हां" म्हणणार. त्यातून कुणाचं काही बिघडत नाही, पण कुणाला काही कळतही नाही.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या एका तरुण गृहस्थाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. कुणीतरी आमचं नाव सांगितलं होतं. त्यांनी दोन आकडे सांगितले. गाडी चालू असेल तर एक, बंद असेल तर दुसरा. दोन्ही आकड्यांमधला फरक आमच्या घराच्या पत्र्यांच्या अंदाजपत्रकाएवढा होता. सौ.नं ते अंदाजपत्रक तीन वर्षांपासून कॅलेंडरच्या मागे खिळ्याला टोचून ठेवलं आहे आणि पावसाळ्यात घरात किती पातेली मांडावी लागतात हे ती मला आकड्यात सांगू शकते. मी आण्णांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. आण्णा म्हणाले, "गंजून जाण्यापरीस द्यावी. पण बंद गाडी मी कुणाला देणार न्हाई. चालू कर, मग दे."

आणि मग त्यांनी दुसऱ्या कुशीवर वळून बोलणं संपवलं.

गाडी चालू झाली, हे आधी सांगितलं पाहिजे. टाकी धुतली, कार्बोरेटर धुतले, नवी बॅटरी घातली, आणि चिरंजीवांच्या अठराव्या किकेला ती बोलली. गल्लीतली कुत्री एकदम बोलायची थांबली. पण दहा मिनिटांनी तिचा आवाज उतरला. उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि आत फट्-फुस्, फट्-फुस्. डावी बाजू मात्र इमानानं चाललेली. उजवा प्लग काढून बघितला तर तेलानं चिंब. पुसून परत लावला की दहा मिनिटं दोन्ही बाजू छान, मग परत तेच.

गावात ही बातमी पसरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. तोवर धूर पसरला होताच.

पहिले आले शेजारचे तात्या, निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "माझ्याकडंबी ट्विन होती." तात्यांची होती येझ्दी अडीचशे. येझ्दीला सायलेन्सर दोन असायचे पण सिलिंडर एकच. धूर एकाच जागचा, बाहेर पडायच्या वाटा दोन. मी हे त्यांना अदबीनं सांगितलं. म्हैसूरच्या आयडियल जावानं पुढे खरी दोन सिलिंडरची साडेतीनशेही काढली होती आणि कारखाना १९९६ साली बंद झाला, हेही सांगितलं. तात्या म्हणाले, "कागदावर काय लिवलंय त्ये मला नका सांगू. म्या तीस वर्षं सातबारा लिवलाय." तलाठ्यानं एकदा दोन लिहिले की दोन. त्यांचं निदान, प्लग बदला.

हेडकॅशियर म्हणाले, प्लग. दूध घालायला येतो तो म्हणाला, प्लग. मेडिकलवाला म्हणाला, प्लग, आणि हे सांगताना त्यानं सवयीनं मला दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असंही सांगितलं. आपल्याकडे मोटरसायकल आणि पोट यांच्या दुखण्याला एकेकच कारण असतं. पोटाला ॲसिडिटी, गाडीला प्लग.

चिरंजीव डिप्लोमाला आहेत. त्यांचा मोबाईलवर विश्वास. त्यांनी तीन परदेशी माणसांचे व्हिडिओ दाखवले. तिघंही फार हुशार होते आणि तिघांच्या गॅरेजची फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ होती. एकानं पॉइंट सांगितले, दुसऱ्यानं कार्बोरेटर, तिसऱ्यानं सांगितलं की या सगळ्याच्या आधी त्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवा.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून काही खतावण्या हातानं लिहायच्या होत्या. आता तेरीज यंत्र जुळवतं आणि आपण यंत्राला नमस्कार करतो. पण तेव्हा महिन्याअखेरीला नावे आणि जमा जुळले नाहीत की रात्री अकरापर्यंत बसावं लागे. आमचे जुने अकौंटंट एक गोष्ट शिकवून गेले. फरक पडला की लगेच सगळी वही चाळत सुटायचं नाही. आधी फरकाकडे बघायचं. फरकाला नवानं भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ३६ चे ६३ झालेत. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली तर ती चुकीच्या बाजूला मांडली गेली आहे. फरक स्वतःच आपला पत्ता सांगतो, फक्त त्याला बोलू द्यावं लागतं. मी विचार केला, माणसानं आपल्याला येतं तेच करावं. दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'डावी' आणि 'उजवी'.

दोन सिलिंडरच्या गाडीचा हा एक मोठा उपकार असतो. सगळी वस्तू तिच्यात जोडीनं असते. एक बरी असली आणि एक आजारी असली की बऱ्याची वस्तू आजाऱ्याला लावून बघायची. दुखणं वस्तूबरोबर उठून गेलं तर वस्तूत आहे. जागेवर राहिलं तर जागेत आहे. एका सिलिंडरच्या गाडीला ही सोय नाही. तिथं शेजाऱ्याची गाडी उघडावी लागते, आणि तात्यांनी त्यांची येझ्दी कधीच विकली होती.

तेव्हा पहिल्या रविवारी प्लगची अदलाबदल केली. उजव्याचा डाव्याला, डाव्याचा उजव्याला. दहा मिनिटांत उजवीच बंद. डावीकडे आलेला तो बदनाम प्लग मात्र वाळून ठणठणीत झाला. वहीत लिहिलं, 'प्लग निर्दोष'. गावानं एकमतानं दोषी ठरवलेला माणूस पुराव्याअभावी सुटताना बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मग कॉइलची अदलाबदल केली. उजवीच बंद. मग पॉइंट. या गाडीला प्रत्येक बाजूचे पॉइंट वेगळे. ते डाव्या बाजूच्या झाकणाखाली असतात आणि त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढी. बारीक काचपेपरनं घासले, पट्टीनं फट मोजली, ठिणगी बघितली, निळी, कडक. वीजखातं सुटलं.

मग कार्बोरेटर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आमच्या भागात ऊस किती आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणजे आमच्याच फडातला ऊस गाडीच्या घशात जातो. इथेनॉल हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. त्यामुळे तरफड्याचे वायसर, नळ्या, सगळं आधीच बदललं होतं. दोन्ही जेट काढून उजेडात धरले. मंद चालीचा जेट इतका बारीक असतो की त्यातून दिसणारं आभाळ मोहरीएवढं असतं. तांब्याच्या तारेच्या एका पदरानं साफ केला. दोन्हीकडे सारखी मोहरी. जोडणी केली. उजवी बंद.

शेवटी दाब. प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा आणि किक मारायची. अंगठा दोन्हीकडे सारखाच उडाला. चिरंजीवांनी कॉलेजातून गेज मागून आणलं, त्यानंही तेच सांगितलं. पिस्टन नि रिंगा ठीक.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. शाळेत शिकवलं होतं त्याप्रमाणे इंजिनाला याहून जास्त काही लागत नाही. तरी उजवी बाजू जुळत नाही. बँकेत अशा वेळी एक खातं उघडतात. त्याचं नाव सस्पेन्स. फरक त्यात टाकायचा आणि घरी जायचं. मोटरसायकलीला ही सोय असती तर मी पुण्याला फोन करून गाडी देऊन टाकली असती.

त्या दिवशी पाऊस होता. स्वयंपाकघरात चार आणि माजघरात दोन अशी सहा पातेली मांडलेली. सौ. दुसऱ्या पातेल्यातलं पाणी पहिल्यात ओतत होती आणि म्हणाली, "अहो, गेल्या साली हे पातेलं सकाळपर्यंत भरायचं. आता पहाटेच भरतंय. भोक वाढलंय." ती सहज बोलली. पण मी तिथंच उभा राहिलो. ती पत्र्याचं भोक पातेल्यावरून मोजत होती. पत्र्यावर चढली नव्हती.

या गाडीत तेलं दोन. एक टू-टी, ते वेगळ्या टाकीतून पंपानं इंजिनाला जातं आणि जळून जातं. ते कमी होणारच, त्याचं कामच ते. दुसरं गिअरबॉक्सचं तेल. ते आत राहतं, गिअर भिजवतं, आणि तिथून त्यानं कुठं जायचं कारण नाही. चालू खातं आणि मुदत ठेव म्हणा. चालू खात्यात चढउतार व्हायचाच. मुदत ठेव कमी झाली तर मात्र मॅनेजरला घाम फुटला पाहिजे.

सौ.कडून तांदूळ मोजायचा कप घेतला. तो तिनं परत न घेण्याच्या अटीवर दिला. गिअरबॉक्स पूर्ण रिकामा केला आणि मोजून दीड लिटर नवं तेल भरलं. गाडी सुरू न करता ते लगेच पुन्हा काढलं. चौदाशेसत्तर मिली आलं. म्हणजे तीस मिली आतल्या भिंतींना चिकटून राहतं. हा घसारा. तो धरावा लागतो. मग परत दीड लिटर पुरं केलं, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, आणि पंधरा दिवस रोज सकाळी दहा-दहा मिनिटं इंजिन चालवलं. तात्या रोज कंपाउंडवरून बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी सौ.ला विचारलं, "साहेबांचं बँकेत सगळं ठीक हाय न्हवं?"

पंधराव्या दिवशी तेल काढलं. अकराशेऐंशी मिली. घसारा तीस वजा जाता दोनशेनव्वद मिली गायब. खालच्या वर्तमानपत्रावर दोन थेंब, तेही साखळीचे. तेल सांडलं नाही, कुणी काढलं नाही, आणि तरी नाही. मग गेलं कुठं? बाहेर जायला एकच रस्ता उरतो. उजव्या सायलेन्सरमधला पांढरा धूर.

मी वही घेऊन आण्णांकडे गेलो तेव्हा ते बाजेवर नव्हते. चिरंजीवांनी शेवटची दहा मिनिटं म्हणून गाडी सुरू ठेवली होती, आणि आण्णा खुर्ची ओढून गाडीच्या मागे बसले होते. दोन्ही हात पुढे, दोन्ही तळवे दोन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. डोळे मिटलेले. गाडीचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता; कितपत येत होता देव जाणे. पण डावा तळवा लयीत हलत होता. मग उजव्या बाजूनं मान टाकली तसा त्यांनी उजवा हात मागे घेतला. तळव्यावर बारीक तेलकट शितोडे होते. त्यांनी तो नाकाशी नेला.

"टू-टी न्हाई हे," आण्णा म्हणाले. "गिअरचं हाय."

मी वहीत आकडा दाखवला, दोनशेनव्वद. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. दोन वेगवेगळ्या नोंदी, दोन वेगवेगळ्या हातांच्या, आणि बाकी एक. आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो तेलकट होता, शर्ट पांढरा होता, आणि मला त्यानंतर लगेच बँकेत जायचं होतं. मी तोच शर्ट घालून गेलो.

आता चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे गावातले जुने मिस्त्री; तरुणपणी सोलापूरला या गाड्यांवर हात बसवलेले. हल्ली फक्त खुर्चीत बसून मुलाला सूचना देतात. तेही आधी 'प्लग' म्हणाले होते. मी वही समोर धरली. एकेक पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "साब, तुमे तो इंजन का पासबुकच भर डाले!" मग वही मिटून म्हणाले, "सील गया. क्रँक का. राइट साइड का."

त्यांनी जे समजावलं ते असं. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची खोलीसुद्धा कामाची असते. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि ती कार्बोरेटरकडून पेट्रोल आणि हवा ओढून घेते. दोन सिलिंडरच्या खालच्या खोल्या वेगवेगळ्या, मध्ये भिंत. उजव्या खोलीच्या पलीकडे क्लच आणि गिअरचं तेल. मध्ये क्रँकवर एक रबरी कडं, ऑईल सील. ते रबर कडक झालं की उजवी खोली पोकळी भरायला कार्बोरेटरबरोबर शेजाऱ्याच्या गिअरबॉक्समधूनही ओढून घेते. चोरून आणलेलं तेल मग प्लगवर बसतं, प्लग भिजतो आणि गाव प्लगला नावं ठेवतं. डाव्या बाजूचं सील गेलं असतं तर तेलाऐवजी नुसती हवा घुसली असती. ते आणखी वाईट. तेल-पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो, आणि ऐन हायवेवर आवळला तर मागचं चाकच जाम होतं. "तब प्लग गीला नहीं, आदमी का गला सूखता," चाचा म्हणाले.

चिरंजीवांनी ती गाडी घेऊन सोलापूरचे पंचेचाळीसेक किलोमीटर करायचं मनात धरलं होतं, हे मला त्याच वेळी त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हटलं, दोन्ही बाजूंची सीलं बदला.

दुसरा शनिवार आणि रविवार धरून इंजिन उतरवलं. अंगणात जुनी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर, बाहेर निघाला त्या क्रमानं, एकेक भाग मांडला. प्रत्येकापुढे कागदावर नंबर. हे काम माझ्याकडे. हा क्रम उलटा वाचला की जोडणी. चाचा खुर्चीवर, त्यांचा मुलगा जमिनीवर, आण्णा दुसऱ्या खुर्चीवर. चाचांना कमी दिसतं आणि आण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. एक हातवारे करायचा ते दुसऱ्याला दिसायचे, दुसरा ओरडायचा ते पहिल्याला ऐकू यायचं. निघालेलं सील बांगडीएवढं होतं. चाचांनी ते माझ्या हातात दिलं. नवं सील चिमटीत दाबलं की दबून परत उठतं. हे चार दिवसांच्या भाकरीसारखं कडक, ओठ कडेनं तडकलेला. त्यात गाडीचा काही दोष नाही. रबर माणसासारखंच, वापरात असलं की मऊ राहतं, पोत्याखाली ठेवलं की आखडतं. हे वाक्य चाचांचं. मला ते आवडलं, पण तिथं दोन आखडलेली माणसं बसली असल्यामुळे मी दाद दिली नाही.

जोडायला पुढचा आठवडा गेला. तेल मोजून भरलं, वहीत नोंद केली. चिरंजीवांनी तिसऱ्या किकेला सुरू केली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आण्णांचे दोन्ही तळवे पुढे होते आणि आता दोन्ही हलत होते, आळीपाळीनं, एक पुढे तर एक मागे. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो, त्याचीच ती चाल. नर-मादीला एकदम पाणी आलं की लोक बघतात तसं तात्या कंपाउंडवरून बघत होते. शेवटी म्हणाले, "प्लग बदलला वाटतं."

पुण्याचे गृहस्थ पुढच्या रविवारी आले. फार सज्जन माणूस. गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, टाकीवरून हात फिरवला. सौ.नं चहाबरोबर कॅलेंडरमागचं अंदाजपत्रक काढून माझ्या वहीखाली सरकवलं.

गृहस्थांनी गाडीची चौकशी केली तेव्हा आण्णा म्हणाले, "ॲव्हरेज वीसच्या वर न्हाई द्यायची." गृहस्थ म्हणाले, चालेल. आण्णांना ते ऐकू आलं. "पुढच्या चाकाला डिस्क न्हाई, डरम हाय. जपानच्या गाडीला डिस्क व्हती." गृहस्थ म्हणाले, माहीत आहे. आण्णांना तेही ऐकू आलं. "थंडीत आठ-आठ किका लागत्यात. पार्ट मिळत न्हाईत." गृहस्थ हसून म्हणाले, "आजोबा, मला सगळं माहीत आहे. मी एवढे देतो," आणि आकडा सांगितला.

"आं?" आण्णा म्हणाले.

गृहस्थांनी आकडा पुन्हा सांगितला, मोठ्यानं. तात्यांना कंपाउंडपलीकडे ऐकू गेला; त्यांच्या हातातली झारी खाली पडली. आण्णांनी कानाशी हात नेला आणि मान हलवली. गृहस्थांनी आकडा वाढवून, आणखी मोठ्यानं सांगितला. "वारा लई हाय आज," आण्णा म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं. शेवटी बिचाऱ्यांनी माझी वही मागून घेतली, कोऱ्या पानावर आकडा ठळक लिहिला आणि आण्णांच्या समोर धरला. आण्णांनी चष्मा पुसला, लावला, आकडा नीट वाचला. सौ. दारात उभी होती. मग वही मिटली, माझ्याकडे दिली आणि म्हणाले,

"उजवीचा प्लग काढून बघ रे. कोरडा हाय का."

काढला. बिस्किटाच्या रंगाचा होता, आणि कोरडा.